कोरी सरी कुठे आहे?

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिक-सांगलीच्या बागायतदारांत एकाच गोष्टीची चर्चा सुरू होते: पांढरी मुळी. अन्न शोषणारी नवी मुळी फुटली तर बाग चालते, हे द्राक्षवाल्यांना कुणी सांगावे लागत नाही. ती फुटावी म्हणून ड्रिपमधून आणि आळवणीतून जे काही सोडले जाते, त्यात आता मायकोरायझा या बुरशीचे पाकीट ठरलेले आहे. डाळिंब, केळी, हळद, ऊस, मिरची यांच्या वेळापत्रकांतही ते असते. जाहिरातीत मुळांचे दोन फोटो शेजारी शेजारी छापतात, एक विरळ आणि एक दाट. दाट मुळी मायकोरायझाने आली, सोबत सोडलेल्या ह्युमिकने आली, की त्या आठवड्यात जमिनीला वाफसा चांगला होता म्हणून आली, हे मात्र त्या फोटोंवरून कळायला मार्ग नाही.

हा प्रश्न बुरशीवरच्या अविश्वासातून आलेला नाही. मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशांचा शोध ही वनस्पतिविज्ञानातली फार मोठी कमाई आहे, आणि म्हणूनच त्या शोधाच्या नावावर काहीही खपवले जाऊ नये.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्याकडे प्रशियाच्या सरकारने एक व्यवहारी काम सोपवले होते. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी महागडी बुरशी लावून पिकवता येईल का, ते पाहायचे होते. ट्रफलची शेती काही फ्रांक यांना साधली नाही. पण जंगलातल्या झाडांच्या मुळ्या तपासताना त्यांना दिसले की चांगल्या निरोगी झाडांच्याही कोवळ्या मुळ्यांवर बुरशीचे दाट आवरण आहे. मुळावर बुरशी म्हणजे रोग, असे मानण्याचा तो काळ. फ्रांक यांनी १८८५ मध्ये नेमके उलटे मांडले: ही बुरशी झाडाला पोसते आहे. 'मायकोरायझा' हे नाव त्यांचेच. ही गोष्ट सगळ्यांना पटायला पुढे बरीच वर्षे लागली.

आज तिच्याबद्दल शंका उरलेली नाही. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म आहेत. त्या वनस्पतींना अजून खरी मुळे फुटलेली नव्हती, तरी त्यांच्या पेशींत बुरशीच्या झुडपासारख्या शाखा स्पष्ट दिसतात. ज्वारी, तूर किंवा द्राक्षाची मुळी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर आजही तशीच रचना दिसते.

या भागीदारीत पिकाला मुख्यतः मिळतो तो फॉस्फरस. नत्र बरेचसे पाण्याबरोबर मुळापर्यंत येते. फॉस्फरस मातीला चिकटून बसतो. महाराष्ट्राच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याला कॅल्शियम अडवते, कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम. टाकलेल्या डीएपीतला बराच फॉस्फरस त्या हंगामात पिकाच्या हाती लागत नाही, तो याच कारणाने. मुळीभोवतीचा काही मिलिमीटरमधला साठा संपला की मूळ उपाशी राहते, आणि तिथून पुढचे काम बुरशीचे तंतू करतात. मातीच्या ज्या फटीत मूळ शिरू शकत नाही तिथे ते जातात. बदल्यात पीक त्यांना साखर देते, आणि स्निग्धाम्लेही. आर्बस्क्युलर गटातल्या, म्हणजे बहुतेक पिकांशी जोडल्या जाणाऱ्या या बुरशांना स्वतः स्निग्धाम्ले तयार करता येत नाहीत, ती वनस्पतीकडूनच येतात, हे २०१७ मध्ये वेगवेगळ्या संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले. जिवंत मुळाशिवाय ही बुरशी तगत नाही, आणि ट्रायकोडर्मासारखी ती ज्वारीच्या दाण्यांवर वाढवता येत नाही. पाकिटातला माल तयार करणे कठीण आणि खर्चाचे का, याचे उत्तरही इथेच आहे.

ज्वारी पिकवणाऱ्यांना टारफुला चांगला माहीत असतो. ज्वारीच्या मुळावर जगणारे हे परजीवी तण. त्याचे धुळीसारखे बी मातीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि पिकाच्या मुळातून पाझरणाऱ्या रसायनाचा सुगावा लागला की उगवते. असे एक रसायन १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या पाझरातून वेगळे काढले गेले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे शास्त्रज्ञांना एक कोडे सुटत नव्हते. आपल्याच शत्रूला जागे करणारे रसायन वनस्पती मातीत सोडतेच कशाला? उत्तर २००५ मध्ये जपानमधले कोहकी अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. याच कुळातले रसायन मायकोरायझा बुरशीला हाक घालते. त्याचा अत्यल्प अंश मिळताच बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटू लागतात. हाक मित्राला होती, ती टारफुल्यानेही ऐकली. फॉस्फरसची टंचाई असली की अनेक पिके हे रसायन जास्त सोडतात. टारफुला हलक्या, भुकेल्या रानातच जास्त का माजतो, याचा एक धागा या शोधाने हाती दिला.

काही पिके मात्र या भागीदारीच्या बाहेर आहेत. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा या एका कुळातल्या पिकांशी ही बुरशी संबंध जोडत नाही. पालक आणि बीटशीही नाही. त्यांच्या वाफ्यांत मायकोरायझा सोडणाऱ्याचे पैसे वाया जातात, आणि हे त्याला पाकीट विकणाऱ्यानेच आधी सांगायला हवे.

उरलेल्या पिकांचे काय? स्वित्झर्लंडमध्ये झुरिक आणि बासेल विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या कृषी संशोधन संस्थांना बरोबर घेऊन हा प्रश्न थेट शेतकऱ्यांच्या रानात नेला. उत्तर आणि पूर्व स्वित्झर्लंडमधली मक्याची ५४ शेते, त्यांत मिळून ८०० हून अधिक छोटे प्लॉट, काहींत पेरणीपूर्वी बुरशी मिसळलेली आणि काहींत नाही. निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शेतांत मक्याची वाढ ४० टक्क्यांपर्यंत जास्त झाली, काही शेतांत फरक पडला नाही, आणि काहींत वाढ १२ टक्क्यांपर्यंत घटली. बुरशी तीच, पीक तेच, देशही तोच.

त्या अभ्यासाचा पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. कुठल्या शेतात फायदा होणार याचा सर्वांत चांगला अंदाज मातीतल्या पोषणद्रव्यांवरून आला नाही. तो आला मातीत आधीच असलेल्या रोगकारक बुरशांवरून. जिथे त्या जास्त, तिथे मायकोरायझाचा फायदा जास्त. म्हणजे तिने तिथे अन्न पुरवण्यापेक्षा मुळाची राखण करण्याचे काम केले असावे. माती आधी तपासली तर दहापैकी नऊ शेतांत फायदा होईल की नाही हे अगोदर सांगता येते, असे या गटाने दाखवले. डाळिंबाच्या बागा, हरभरा आणि तूर मर रोगाने जातात, हळद कंदकुजीने जाते. अशा महाराष्ट्रात इथल्या मातीसाठी असा अंदाज बांधता आला तर शेतकऱ्याचा केवढा खर्च वाचेल! स्विस मातीवरून बांधलेला अंदाज मात्र सोलापूरच्या मुरमाड माळाला किंवा परभणीच्या काळ्या रानाला लागू पडणार नाही. तो इथेच, इथल्या प्रयोगांतून बांधावा लागेल.

एका शेतात फायदा आणि शेजारच्या शेतात नाही, याची इतरही कारणे आहेत. बहुतेक शेतजमिनींत स्थानिक मायकोरायझा आधीपासून असतात आणि बाहेरून आलेल्या बुरशीला त्यांच्यात जागा मिळेलच असे नाही. फॉस्फरस भरपूर मिळालेले पीक बुरशीला मुळात फारसे शिरू देत नाही. त्यामुळे डीएपीचा पूर्ण डोस आणि मायकोरायझा एकाच वेळापत्रकात लिहून देणारा सल्लागार दोन विरुद्ध गोष्टी सुचवत असतो. पाकीट एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात पडून राहिले असेल, तर आतले बीजाणू मेलेलेही असू शकतात. ऑस्ट्रेलियाच्या मेगन रायन आणि अमेरिकेचे जेम्स ग्रॅहम यांनी तर २०१८ मध्ये असे मांडले की, पिकाचे व्यवस्थापन ठरवताना शेतकऱ्याने मायकोरायझाचा विचार करावा याला पुरेसा पुरावाच नाही. पुढच्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी त्याला लेखी उत्तर दिले आणि जमिनीची घडण, टिकाऊपणा यांचे मुद्दे पुढे आणले. या वादाचा गंधही आपल्या कृषी प्रदर्शनांतल्या स्टॉलवर लागत नाही.

पुरावा कसा असावा, याचा नमुना अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या एका गवतामुळे मिळाला. जमिनीखालच्या उष्णतेने तापलेल्या मातीत हे गवत वाढते. त्याच्या आत कर्व्ह्युलेरिया नावाची बुरशी राहते. रेजिना रेडमन, रस्टी रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की गवत आणि बुरशी वेगवेगळी वाढवली तर दोघांनाही चाळीस अंशांच्या आसपासचे तापमान जेमतेम सोसते. एकत्र असली तर मुळाशी ६५ अंश सेल्सिअस असतानाही गवत तग धरते. इतक्यावर कुणीही समाधानी झाले असते. पण पुढे लुईस मार्केझ आणि मॅरिलिन रूसिंक यांच्या गटाला त्या बुरशीच्या आत एक विषाणू सापडला, आणि नवी शंका उभी राहिली: उष्णता सोसण्याची ताकद बुरशीची की विषाणूची? त्यांनी बुरशी गोठवून, वितळवून, वाळवून तिच्यातला विषाणू घालवला. ही विषाणू नसलेली बुरशी ज्या गवतात होती, त्याला तापलेल्या मातीत टिकता आले नाही. मग त्याच बुरशीत विषाणू परत आणला, आणि ताकदही परत आली. हे काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. काढून पाहिले, परत घालून पाहिले, तेव्हा कुठे त्यांनी म्हटले की यामुळेच हे होते.

मायकोरायझावरच्या चांगल्या कामातही हीच शिस्त असते. इंग्लंडमध्ये बार्बरा मॉस यांनी १९५७ मध्ये सफरचंदाच्या रोपांवर बुरशीसह आणि बुरशीविना अशी तुलना प्रसिद्ध केली, आणि या विषयाला खऱ्या अर्थाने प्रायोगिक पाया मिळाला. आज प्रयोगशाळेत एका कुंडीला जिवंत बुरशीचे मिश्रण मिळते, तर दुसरीला तेच मिश्रण वाफेने निर्जंतुक करून. मूळ मिश्रणात बुरशीखेरीज जिवाणूही असतात, म्हणून त्याचे गाळलेले पाणी दुसऱ्या कुंडीत घालतात. मग दोन कुंड्यांत फरक उरतो तो फक्त बुरशीचा. पाकिटावरच्या दोन फोटोंमागे अशी तुलना होती का, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

फरक नेमका कशाचा, हा प्रश्न जंगलातल्या प्रयोगांनाही सुटलेला नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आला आणि जगभर गाजला. बर्च आणि डग्लस फर या झाडांच्या रोपांना कार्बनचे दोन वेगळे समस्थानिक देऊन, एकातला कार्बन दुसऱ्यात पोहोचतो हे त्यांनी दाखवले. त्यातून पुढे झाडे एकमेकांशी बोलतात, आई-झाड बुरशीच्या जाळ्यातून लेकरांना भरवते, अशा कथा पुस्तकांत आणि माहितीपटांत पसरल्या. २०२३ मध्ये जस्टीन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी जंगलात प्रत्यक्ष झालेले प्रयोग एकेक करून तपासले. आई-झाड आपल्याच रोपांना ओळखून त्यांना अन्न आणि धोक्याचे इशारे पाठवते, याला जंगलात केलेल्या एकाही प्रसिद्ध अभ्यासाचा आधार त्यांना सापडला नाही. कार्बन एका झाडातून दुसऱ्यात जातो. पण तो बुरशीच्या तंतूतूनच गेला की मातीतून, हे बहुतेक प्रयोगांना वेगळे करता आलेले नाही. यातल्या मेलनी जोन्स १९९७ च्या त्याच शोधनिबंधाच्या सहलेखिका आहेत. आपले नाव ज्या कामावर आहे त्याची पाव शतकानंतर स्वतःच छाननी करायला बसणे ही फार आदराची गोष्ट आहे. सिमार्ड यांना ही टीका मान्य नाही. हा वाद पुढच्या प्रयोगांनीच मिटेल.

मायकोरायझा आणि प्रयोगपद्धती यांची ओढाताण भारतानेही पाहिली आहे, आणि तिचे एक ठिकाण आहे इंदूर. तिथे १९२४ मध्ये सुरू झालेल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'चे पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर पद्धतीचे कंपोस्ट जगाला दिले. १९४० च्या 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' या पुस्तकात त्यांनी मायकोरायझाला जमिनीतला ह्यूमस आणि पीक यांना जोडणारा जिवंत दुवा मानले. बहुतेक शेतीतज्ज्ञांच्या ध्यानीमनीही ही बुरशी नव्हती तेव्हाचे हे लेखन. पण त्याच पुस्तकात छोट्या प्लॉटांवर आणि संख्याशास्त्रावर चालणाऱ्या संशोधनाला त्यांनी कडाडून विरोध केला. हॉवर्ड यांची नजर तीक्ष्ण होती. पद्धतीबद्दलचे त्यांचे मत चुकले. नजरेला जे दिसते ते खरे की योगायोग, हे ठरवायला मोजणीच लागते.

ती मोजणी भारतीय शेतीला शिकवणाऱ्यांत दोन मराठी माणसे अग्रभागी होती. इंदूरच्या त्याच संस्थेत पुढे काम केलेले विनायक गोविंद पानसे, आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. शेतीप्रयोगांच्या संख्याशास्त्रावरचे त्यांचे १९५४ चे पुस्तक कृषी विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी वापरले. पीक विम्यामुळे गावोगाव माहीत झालेला पीक कापणी प्रयोग, म्हणजे कुणाच्याही मर्जीविना प्लॉट निवडून त्यातला माल तोलायची रीत, देशात रुजवण्यातही या दोघांचा मोठा वाटा आहे. म्हणजे निष्पक्ष प्लॉट कसा निवडायचा, हे इथल्या शेतकऱ्याला नव्याने शिकवायची गरज नाही.

तरीही निविष्ठांच्या बाबतीत सगळा भर प्रात्यक्षिकावर असतो. प्रात्यक्षिकात एका बाजूला सुधारित वाण, बेणे प्रक्रिया, ठिबक, विद्राव्य खते आणि मायकोरायझा असे सगळे एकत्र, आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याची नेहमीची पद्धत. उत्पादन वाढले की त्यातली प्रत्येक कंपनी ती वाढ आपल्या खात्यावर लिहिते. नवी पद्धत दाखवण्यासाठी प्रात्यक्षिक योग्यच आहे. कशामुळे वाढ झाली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बाकी सारे सारखे ठेवून फक्त एक गोष्ट न दिलेली सरी लागते, तीही एक नव्हे, शेतात ठिकठिकाणी विखुरलेल्या अनेक. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये मायकोरायझा जैविक खतांत मोडतो आणि त्यात जिवंत घटक किती असावेत याचे निकष आहेत. ते कसोशीने तपासले गेलेच पाहिजेत. पण पाकिटात बुरशी जिवंत आहे एवढेच त्या तपासणीतून कळते. अमुक शेतात तिचा उपयोग होईल का, ते कळत नाही.

राज्याकडे हे काम करणारी माणसे आणि जागा आहेत. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, जिथे बुरशांचा राष्ट्रीय संग्रह जपला जातो. शेजारच्या गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने आर्बस्क्युलर बुरशांवर दीर्घकाळ काम केले आहे. हवी आहे ती एकत्र आखणी: एकाच पद्धतीने, पन्नास-शंभर शेतांत, किमान तीन हंगाम, मातीची आधी तपासणी करून, आणि माल विकणाऱ्या कंपनीच्या पैशाशिवाय. दरवर्षी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, म्हणजे जॉइंट ॲग्रेस्कोत, नव्या शिफारशी मंजूर होतात. फरक न पडलेल्या प्रयोगांची यादीही त्याच बैठकीत मांडून मराठीत प्रसिद्ध करावी. कुठल्या जमिनीत, कुठल्या पिकात पैसे खर्च करू नयेत, ही शिफारसच आहे, आणि कर्ज काढून बाग उभी करणाऱ्याला तिची निकड जास्त आहे.

तोवर शेतकरी उत्पादक कंपन्या आणि द्राक्ष-डाळिंबाचे गट एक काम याच हंगामात करू शकतात. मायकोरायझा सोडताना शेताच्या वेगवेगळ्या भागांतल्या चार-पाच सरी चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्या कोऱ्या ठेवा. पाणी, खत, फवारणी बाकी सगळे सारखे द्या. खुंटी रोवून खूण करा, काढणीला त्यांचा माल वेगळा तोला आणि आकडा वहीत लिहा. मग शेजारच्या दहा जणांच्या वह्यांशी तो ताडून पाहा, आणि पुढच्या वेळी पाकीट विकायला येणाऱ्यापुढे त्या वह्या ठेवा.